कास-महाबळेश्वरचा पर्यटक सर्व्हे वर्षानुवर्षं चालवायचा असेल तर

प्रश्नावली पहिल्याच वर्षी पक्की करा. ‘खर्च किती?’चं ‘माणशी खर्च किती?’ केलंत, की मागच्या आकड्यांशी तुलना संपली. बदल अटळच असेल तर एक हंगाम निम्म्यांना जुना, निम्म्यांना नवा प्रश्न विचारा.

पार्किंगमधून बाहेर पडणारी दर दहावी गाडी थांबवा, बोलकी मंडळी हेरून नव्हे. गाडीतल्या प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला त्यालाच विचारा; नाहीतर उत्तरं कायम पुढे बसलेला बाप्याच देणार. नकारही नोंदवा.

३८५ उत्तरांत ९५ टक्के खात्रीने चूक ±५ टक्क्यांच्या आत राहते, पण एका गटापुरती. कासचा सप्टेंबर आणि महाबळेश्वरचा मे वेगळे मांडायचे तर प्रत्येकी तेवढी हवीत. फुलं पावसानुसार मागेपुढे होतात, म्हणून तारखेसोबत बहरही लिहा.