मान वाकडी होण्यावर बोटॉक्स देताना नर्व्हचा नकाशा कशाला हवा?

तुमचा प्रश्न: स्नायू बाहेरून हाताला लागतो, मग सुई कुठेही टोचली तर काय बिघडतं?

बिघडतं. बोटॉक्समधलं औषध, बोटुलिनम टॉक्सिन (स्नायू सैल करणारं), काम करतं ते मज्जातंतूचं म्हणजे नर्व्हचं टोक स्नायूला भिडतं तिथेच. हे जोड स्नायूभर सारखे पसरलेले नसतात, ठरावीक पट्ट्यात दाटलेले असतात. पट्टा सापडला तर कमी औषधात भागतं.

सर्व्हायकल डिस्टोनियात (मानेचे स्नायू आपोआप आखडून मान वाकडी होण्याचा आजार) मान उजवीकडे वळत असेल, तर बहुतेकदा डावा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड ओढत असतो (हो, उलट बाजूचा!). कानामागच्या हाडापासून छाती-हासळीपर्यंत तिरका जाणारा हा स्नायू. त्याला हलवणारी अ‍ॅक्सेसरी नर्व्ह, म्हणजे मेंदूची ११वी नर्व्ह, वरच्या भागात आतल्या बाजूने शिरते. म्हणून इंजेक्शन शक्यतो वर देतात. खाली दिलं तर औषध घशाच्या स्नायूंपर्यंत झिरपून गिळायला त्रास होऊ शकतो. दोन्ही बाजूंना एकदम दिलं तर ही भीती आणखी वाढते.

नकाशा बनतो मृतदेहांवर. सिलर पद्धतीत रसायनांनी अख्खा स्नायू काचेसारखा पारदर्शक करतात आणि आतल्या नर्व्ह रंगवतात. बारीकसारीक फांद्याही दिसतात. कामाला आठवडेच्या आठवडे लागतात, पण दुसऱ्या कशात इतकं स्पष्ट चित्र मिळत नाही.

अर्थात माणसागणिक फरक असतोच. त्यामुळे प्रत्यक्षात सोनोग्राफी किंवा ईएमजीची (स्नायूतले विद्युत संकेत टिपणारी तपासणी) मदत घेतलेली बरी. असर साधारण तीन महिने टिकतो. आधीपासून गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांना सुई टोचण्याआधीच सांगा.