‘फर्डा वक्ता’: गौरव की टोमणा?

फोंड्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांकडून गोव्यातील राजकीय नेत्यांवर लिहून घेताना त्या अडल्या. नेत्याला ‘फर्डा वक्ता’ म्हटले तर गौरव होतो की टोमणा बसतो? ‘वाग्मी’ त्याहून वरचा का? आणि ‘वक्तृत्व’ की ‘वक्तृत्त्व’?

लेखनाचे आधी उरकू. मूळ शब्द ‘वक्तृ’, त्याला ‘त्व’ लागला, म्हणून त एकच. नेतृत्व, कर्तृत्व यांचेही तसेच. महत्त्व, व्यक्तिमत्त्व यांत दोन त येतात, कारण महत् आणि व्यक्तिमत् या मूळ शब्दांच्या शेवटी आधीच एक त् आहे. स्त्रीसाठी संस्कृत रूप ‘वक्त्री’, पण ‘प्रवक्त्या’, ‘नेत्या’ रुळले आहेत, तेव्हा ‘वक्त्या’ लिहायला हरकत नाही.

आता ‘फर्डा’. हा शब्द फक्त ओघ मोजतो: अडखळणे नाही, शब्द शोधणे नाही. ‘फर्डे इंग्रजी’ म्हणतानाही आपण बोलण्यातल्या आशयाबद्दल काहीच सांगत नसतो. तेव्हा हा टोमणा नव्हे, पण पुरता गौरवही नव्हे. मुलांच्या निबंधात नेत्याच्या थोरवीचा सगळा भार या एका विशेषणावर टाकलेला असतो आणि तिथेच वाक्य लंगडते. तो कशावर बोलला, कोणापुढे बोलला, हे पुढच्या वाक्यात यायलाच हवे.

‘वाग्मी’ची गोष्ट फार सुंदर आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात ‘वाचो ग्मिनिः’ हे सूत्र दिले. त्यातून वाग्मी शब्द होतो. लगेच पुढचे सूत्र ‘आलजाटचौ बहुभाषिणि’. त्यातून वाचाल आणि वाचाट. आपला वाचाळ तो हाच. टीकाकारांनी खुलासा केला आहे की दुसरी जोडी निंदेसाठी आहे. पुष्कळ पण नीट बोलणारा तो वाग्मीच. म्हणजे दोघांतला फरक बोलण्याच्या मापाचा नाही, गुणाचा आहे. म्हणून ‘वाग्मी’ जपून वापरावा. प्रत्येक प्रचारसभेतल्या वक्त्याला तो लावला की त्याची किंमत उतरते. विधानसभेतल्या चटकन दिलेल्या उत्तरासाठी ‘हजरजबाबी’ किंवा ‘वाक्पटू’ नेमके बसतात.

विशेषणांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी असतात. ‘सभा गाजवली’ म्हणजे चर्चा झाली, टाळ्या पडल्या. ‘सभा जिंकली’ म्हणजे समोरचे लोक आपल्या बाजूला वळले. ‘भाषण ठोकले’मध्ये किंचित उपहास आहे, ‘व्याख्यान झोडले’मध्ये तर उघड कंटाळा. गौरवाच्या लेखात ही शेवटची दोन चुकूनही नकोत.

सर्वांत जास्त घसरण होते ती ‘वक्तृत्वाच्या जोरावर सत्ता मिळवली’ या वाक्यात. ‘च्या जोरावर’ म्हटले की तुम्ही कारण सांगता, आणि कारण दाखवावे लागते. गोव्याचेच बघा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. विलीनीकरणाचा आग्रह धरणाऱ्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाला त्याच मतदारांनी मार्चमध्ये पुन्हा सत्ता दिली. सभा त्याच मैदानांवर झाल्या, नेतेही बहुतेक तेच. जानेवारीतला प्रश्न वेगळा होता आणि मार्चमधला वेगळा. वक्तृत्वाचे सामर्थ्य मी मुळीच कमी लेखत नाही. पण सभा जिंकणे आणि कौल मिळवणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, ती लिहितानाही वेगळीच ठेवावीत.

आणि कधी ओघाचा प्रश्नच नसतो. १८ जून १९४६ रोजी मडगावात, पोर्तुगीज राजवटीने सभास्वातंत्र्य नाकारले असताना, डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. तिथे ‘फर्डे’ लिहिणे अगदी विजोड. त्या प्रसंगाला आपल्याकडे ‘वाचा फोडणे’ हा नेमका वाक्प्रचार आहे: ‘लोहियांनी गोमंतकीयांच्या असंतोषाला वाचा फोडली.’ मात्र तो ‘असंतोष’, ‘दुःख’, ‘अन्याय’, ‘प्रश्न’ अशा दबलेल्या गोष्टींनाच लावावा. ‘विकासाला वाचा फोडली’ असे हल्ली वाचायला मिळते, ते चूक.

मुलांसाठी एक नमुना: ‘त्यांचे भाषण ओघवते होते, पण कुळांच्या प्रश्नावर ते बोलू लागले की सभा स्तब्ध होई.’ यात ‘फर्डा’ही नाही, ‘वाग्मी’ही नाही, तरी वक्ता समोर उभा राहतो. अर्थात ज्या नेत्याबद्दल हे खरे असेल त्याच्याच बाबतीत लिहावे.