बँक स्टेटमेंट आपोआप उतरवणाऱ्या स्क्रिप्टमधून करिअर होईल का?

प्रश्न: मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांच्या दुकानाच्या खात्याचं स्टेटमेंट रोज उतरवणारी पायथन स्क्रिप्ट लिहिली. चार दिवस नीट चालली, मग नेटबँकिंग लॉक झालं. या कामात पुढे नोकरी आहे का?

उत्तर: आहे, पण स्टेटमेंट हातात आल्यानंतरच्या कामात. लॉगिन स्क्रिप्टवर सोपवणं आधी थांबव. बँकेनं पान थोडं बदललं की स्क्रिप्ट पासवर्ड भलत्याच खोक्यात भरते, नकार मिळतो, ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा क्रॉन पुन्हा प्रयत्न करतो. असे काही नकार झाले की लॉगिन बंद होतं. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) टाकला असशील, तर तो आजच बदल. ओळ पुसली तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे साठवलेल्या आधीच्या आवृत्तीत, तो राहतोच.

जर्मनीत फिनटीएस हे बँकेशी प्रोग्रामनं बोलण्याचं मानक असल्यामुळे ग्राहक स्वतःच्या खात्याचे व्यवहार कमांड लाइनवरून मागवू शकतो. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची 2016 पासूनची अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्था आहे, म्हणजे ग्राहकाच्या संमतीनं त्याच्या खात्याची माहिती पुढे देणारी. पण तिथून माहिती मिळते ती वित्तीय नियामकांच्या देखरेखीखालच्या संस्थांनाच, तुझ्या स्क्रिप्टला नाही.

म्हणून बाबांनी स्वतः लॉगिन करून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) उतरवावी. पीडीएफच मिळत असेल तर क्यूपीडीएफ या प्रोग्रामनं पासवर्ड काढ आणि मजकूर काढणारा पीडीएफटूटेक्स्ट 'लेआउट' पर्यायासह चालव. खरी मेहनत इथून पुढे. 1,25,000.00 मधले स्वल्पविराम काढ, रक्कम फ्लोटमध्ये नको (त्यात दशांशाची किरकोळ चूक होते), डेसिमलमध्ये ठेव. लांब तपशील दोन ओळींत तुटतो, तो जोडून घे. तारीख आणि रक्कम सारखी दिसली म्हणून नोंद दुबार समजून उडवू नकोस. दोन गिऱ्हाइकं एकाच दिवशी 500 रुपये देतातच. यूपीआयचा 12 अंकी संदर्भ क्रमांक बघ. प्रत्येक ओळीवर ताळा कर: आधीची शिल्लक अधिक जमा उणे नावे बरोबर नवी शिल्लक. जुळलं नाही तर प्रोग्राम तिथेच थांबला पाहिजे. मग एचलेजर या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये खतावणी.

कंपन्यांत हेच काम बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचा आणि आपला हिशेब जुळवणं, या नावानं चालतं. तिथे एमटी940 आणि कॅम्ट.053 या स्वरूपातली स्टेटमेंट येतात, फाइली एसएफटीपी या सुरक्षित मार्गानं जातात. ही दोन स्वरूपं आणि दुहेरी नोंद पद्धत (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिणं) या वर्षात पक्की कर. कोडिंग येणाऱ्या मुलांचं जमा-नावे बहुतेकदा कच्चं असतं.

मुलाखतीला दुकानाचं खरं स्टेटमेंट दाखवू नकोस. बनावट 200 ओळींची फाइल कर, मधली एक ओळ मुद्दाम काढ आणि तुझा प्रोग्राम नेमका कुठे अडतो ते दाखव.