महापालिकेची मतदार यादी येते कुठून? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला आमच्या घरातल्या चौघांनी जवळच्या शाळेत मतदान केलं. जानेवारी 2026 ला महापालिकेच्या वेळी दोघांची नावं आमच्या प्रभागात आणि दोघांची पलीकडच्या प्रभागात. महापालिकेची यादी वेगळी असते का? – एक वाचक, भांडुप

उत्तर : वेगळी नसते, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. यादी एकच, विधानसभेची. ती भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडून तयार होते. महापालिका निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग. तो एक तारीख ठरवतो, त्या दिवशीची विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे फोडतो. 15 जानेवारी 2026 च्या मतदानासाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. त्यानंतर नाव नोंदवलेल्यांना विधानसभेचा हक्क मिळाला, पण त्या निवडणुकीत नगरसेवक निवडता आला नाही.

घोळ होतो तो यादी फोडताना. मुंबईतले 227 प्रभाग आखले आहेत 2011 च्या जनगणनेतल्या प्रगणक गटांवर (मोजणीसाठी पाडलेल्या वस्तीच्या छोट्या तुकड्यांवर), तर विधानसभेच्या यादीचे भाग पडतात मतदान केंद्रांप्रमाणे. दोन्हींच्या रेषा जुळत नाहीत. एका भागातल्या काही इमारती या प्रभागात, काही त्या प्रभागात, अशी वाटणी पत्ता वाचून करावी लागते. पत्त्यात नुसतं ‘खोली नं. 7, भांडुप’ एवढंच असेल, तर वाटणी करणाऱ्याने काय ओळखायचं? तुमच्या घरातल्या दोघांच्या पत्त्यात चाळीचं नाव आणि दोघांच्या पत्त्यात ते गाळलेलं, असं बहुधा निघेल. चौघांच्याही नोंदी शेजारी ठेवून पाहा. पत्ता अर्धवट असेल तर आजच फॉर्म 8 भरून चाळ, गल्ली आणि पिनकोडसह दुरुस्त करून घ्या.

निवडणुकीआधी प्रभागनिहाय प्रारूप (कच्ची) यादी प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात. नाव चुकीच्या प्रभागात गेलं असेल, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही इथे गळलं असेल, तर त्याच मुदतीत महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नवीन नाव मात्र या टप्प्यावर घातलं जात नाही. मतदानाच्या दिवशी काहीच बदलता येत नाही. नाव जिथे आहे, तिथेच जाऊन मत द्यावं लागतं.

एक लक्षात ठेवा : ‘एस’, ‘जी उत्तर’ ही प्रशासकीय विभागांची नावं. प्रभागाला 1 ते 227 पैकी क्रमांक असतो आणि विधानसभा मतदारसंघाला वेगळाच (माहीम 181, वरळी 182). अर्जात यांची अदलाबदल करू नका.

प्रश्न : आमची चाळ पुनर्विकासाला गेली. तीन वर्षं डोंबिवलीत भाड्याने राहतोय. नाव लालबागलाच ठेवलं तर चालेल का? की दोन्हीकडे ठेवावं? – एक वाचक

उत्तर : दोन्हीकडे अजिबात नाही. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी, असं लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 सांगतो. अर्जात खोटं निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गेल्या महापालिका निवडणुकीत संशयित दुबार नावांपुढे दोन तारे (**) होते आणि अशांपैकी अनेकांना केंद्रावर हमीपत्र द्यावं लागलं.

लालबागचा प्रश्न जास्त नाजूक आहे. घराची मालकी किंवा भाडेहक्क आहे म्हणून कुणी मतदार ठरत नाही. तिथे ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ असावं लागतं. तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास लगेच तुटत नाही, हेही कायद्यात आहे. पण सगळं कुटुंब तीन वर्षं डोंबिवलीत, मुलांच्या शाळा तिथेच, म्हणजे आज तुमचा रहिवास तिथला. आमचा सल्ला : फॉर्म 8 मध्ये स्थलांतराचा पर्याय निवडून नाव डोंबिवलीला न्या. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. नवीन घराचा ताबा मिळून राहायला आलात की पुन्हा फॉर्म 8 भरून लालबागला या. मतदार नसल्याने नव्या इमारतीतला तुमचा हक्क जात नाही. तो तुमच्या करारावर आणि कागदपत्रांवर उभा असतो. या भीतीपायी अनेक कुटुंबं वर्षानुवर्षं नाव अडकवून ठेवतात आणि मतही देत नाहीत, याचं वाईट वाटतं.

नव्या जागी फॉर्म 6 भरू नका. तो पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे. दुबार नावं तयार होण्याचं मोठं कारण हेच.

चाळ पाडली म्हणून न विचारता नाव काढलं, तर ते योग्य नाही. मृत्यू सोडून इतर कारणांनी वगळण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, म्हणून फोन नंबर नोंदीला जोडून ठेवा. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

प्रश्न : भाड्याच्या घराच्या पत्त्यावर मतदार म्हणून नाव नोंदवायचंय, पण घरमालक वीजबिल द्यायला तयार नाहीत. सोसायटी म्हणते, एनओसी लागेल. – एक वाचक, कांदिवली

उत्तर : सोसायटीची एनओसी लागत नाही. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार जोडा. नुसत्या स्टॅम्पपेपरवरचा करार पुरत नाही. सध्याच्या पत्त्याचं आधार किंवा बँक, पोस्टाचं पासबुकही चालतं. यातलं काहीच नसेल तरी अर्ज करा, बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारे कर्मचारी) घरी येऊन खात्री करतात. अर्ज नामंजूर होतात ते बहुतेकदा इथेच : बीएलओ दुपारी येतात, घराला कुलूप, शेजारी म्हणतात ‘माहीत नाही’. अर्जात चालू मोबाइल नंबर द्या, शेजाऱ्यांना आणि वॉचमनला सांगून ठेवा, आणि संदर्भ क्रमांकावरून अर्ज कुठवर आलाय ते आठवड्याला पाहा. अडचण आली तर 1950 या मतदार हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : मुलगी 20 ऑगस्टला 18 पूर्ण करते. नाव नोंदवायला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायचं का? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : नाही. आता वर्षात चार अर्हता दिनांक (ज्या दिवशी 18 पूर्ण असावी लागतात ते दिवस) आहेत : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. तिला 1 ऑक्टोबर लागू होईल. 17 पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, म्हणून फॉर्म 6 आताच भरा. आडनाव आणि वडिलांचं नाव दाखल्यावर आहे तसंच लिहा, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत तपासा. ऑनलाइन भरताना इंग्रजीवरून आपोआप उमटलेलं मराठी नाव बरेचदा चुकतं, ‘साठे’चं ‘साथे’ होतं, आणि मग तेच ओळखपत्रावर छापून येतं.