फेलूदा मोठेपणी पहिल्यांदा वाचायला घ्यावा का? सुरुवात कुठून करावी?

घ्या की, बिनधास्त. मी शाळेपासून वाचत आलोय.

सत्यजित राय यांनी 1965 साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात फेलूदा हा बंगाली गुप्तहेर आणला. मुलांसाठी लिहिलेलं म्हणून रक्तपात कमी, बायकांची पात्रं तर जवळजवळ नाहीतच. हे खटकतं, खोटं कशाला बोला. नंतरनंतरच्या काही कथांत गुन्हेगारही लवकर ओळखू येतो.

पण आपल्या मराठवाड्याच्या माणसानं क्रम वगैरे सोडून थेट ‘कैलाशे केलेंकारी’ उचलावी. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातून यक्षीचं शिर चोरीला जातं आणि त्याचा माग काढत फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे अन् लेखक मित्र जटायू येतात कुठं, तर औरंगाबादला, वेरुळात! सोळा नंबरच्या कैलास लेण्यात आपण शाळेच्या सहलीत डबे खाऊन आलेलो; तिथंच हा माणूस मूर्तिचोरांवर पाळत ठेवतो. खुलताबादही आहे. वाचून झाल्यावर वेरूळला जा (मंगळवारी नको, लेणी बंद असतात).

त्यानंतर ‘सोनार केल्ला’. जटायूची एन्ट्री त्यात आहे. हे गृहस्थ स्वतः धडाकेबाज रहस्यकथा लिहितात आणि उंट पोटात पाणी साठवतो असं ठोकून देतात. फेलूदा शांतपणे चूक काढतो, जटायू पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करायला तयार! रहस्य एकदा कळलं की संपतं, मी पुन्हा वाचतो ते या जटायूसाठी.

मराठी अनुवाद मिळतात.