काटा, कीर्द आणि संगणक: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: उद्यमबागेत आमची ग्रे आयर्नची फाउंड्री आहे. आठ महिन्यांपूर्वी ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतली. खरेदी-विक्रीची बिलं व्यवस्थित निघतात, पण स्क्रॅप आणि तयार मालाचा साठा एकदाही जुळला नाही. स्क्रॅपचा साठा तर उणे दाखवतो. सुपरवायझर म्हणतो, कामगार नोंद करत नाहीत. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, तुमचा डाटाच चुकीचा आहे. दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं का?
– फाउंड्रीचालक, बेळगाव

उत्तर: घेऊ नका. आठ महिन्यांत जे जुळलं नाही ते नव्या सॉफ्टवेअरमध्येही जुळणार नाही, आणि पैसे मात्र दुसऱ्यांदा जातील. आधी एका हीटचा (भट्टीच्या एका वितळणीचा) हिशेब कागदावर मांडून बघा.

समजा भट्टीत 500 किलो चार्ज (वितळवायचा माल) टाकला. 4 टक्के जळून आणि स्लॅगमध्ये (मळीत) गेला, म्हणजे 20 किलो. उरलेल्या 480 किलो रसातून 60 टक्के, म्हणजे 288 किलो कास्टिंग मिळालं. बाकी 192 किलो रनर-रायझरमध्ये (साच्याला रस पुरवणाऱ्या वाटांमध्ये) राहिलं. 288 पैकी ब्लो होल, वाळू, कोल्ड शट अशा ओतकामातल्या दोषांमुळे 14 किलो रिजेक्ट झालं. गाडीत चढणारा माल 274 किलो, परत भट्टीकडे जाणारा 206 किलो. 274, 206 आणि 20 मिळून 500 पूर्ण.

बहुतेक ठिकाणी ईआरपीत नोंद होते ती दोनच आकड्यांची: 500 वापरले, 274 तयार झाले. मधल्या 206 किलोंची पावती कोणी करत नाही. दिवसाला सहा हीट धरल्या तर 1,236 किलो लोखंड यार्डात पडलेलं दिसतं, पण संगणकात नसतं. दुसऱ्या दिवशी तेच भट्टीत जातं, तेव्हा सॉफ्टवेअर ते विकत घेतलेल्या स्क्रॅपमधून वजा करतं. साठा उणे दिसतो तो यामुळे. तेव्हा 'परतीचा माल' अशी वेगळी आयटम उघडा आणि प्रत्येक हीटनंतर तिची जमा नोंद सक्तीची करा. ही एक दुरुस्ती केली की निम्म्याहून जास्त घोळ संपतो.

दुसरी गळती नगांची. माल नगावर जातो, दर किलोवर असतो, आणि मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या कायमच्या यादीत) भरलेलं वजन पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) नवा होता तेव्हाचं असतं. पुढे साच्याची भिंत सरकते, 4.2 किलोचा नग 4.4 किलोचा होतो. हजार नगांमागे 200 किलोचा फरक पडला. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक चालू पॅटर्नचे 10 नग फेटलिंगनंतर (कास्टिंग साफ केल्यावर) काट्यावर घाला आणि सरासरी मास्टरमध्ये भरा.

तिसरी गळती जॉबवर्कची, म्हणजे बाहेर करून घेतलेल्या कामाची. मच्छेला मशिनिंगला गेलेला 4.4 किलोचा नग 3.7 किलोचा होऊन येतो. मधलं 0.7 किलो बोअरिंग (मशिनिंगचा चुरा) कुठे गेलं, ते परत आलं की तिथेच विकलं, हे चलनावर (मालासोबत जाणाऱ्या कागदावर) लिहिलेलं नसेल तर तुमचाही साठा चुकतो आणि त्यांचाही. जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवल्या दिवशीच विकला असं जीएसटी कायदा धरतो. उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर आयटीसी-04 (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) सहामाही, खाली असेल तर वार्षिक. चलनं नीट असली की हा फॉर्म ईआरपीतून आपोआप निघतो.

आता कामगारांबद्दल. कामगार नोंद करत नाही, कारण नोंदीची जागा त्याच्यापासून लांब आहे. सुपरवायझर डायरीत लिहितो, ऑपरेटर दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून ते आठवणीने भरतो, आणि 206 चे 260 होतात. नोंद काट्याजवळ व्हायला हवी. हीट नंबर छापलेलं एक कार्ड करा, त्यावर पाचच रकाने ठेवा: चार्ज, ओतलेले साचे, चांगले नग, रिजेक्ट आणि कारण, परतीचं वजन. कार्ड मराठी आणि कन्नड दोन्हींत छापा. मोल्डिंगवरच्या बऱ्याच जणांना कन्नडच सोपं जातं, आणि इंग्रजी स्क्रीनपुढे उभं केलं की माणूस चुका लपवायला शिकतो. पाळी संपायच्या आत, ज्याने वजन केलं त्यानेच किंवा त्याच्यासमोर, कार्ड संगणकात भरलं जावं. आयटमच्या नावाबरोबर शॉपमध्ये चालणारं बोलीतलं नावही भरा. 'एमएस स्क्रॅप', 'एम. एस. स्क्रॅप' आणि 'एमएस भंगार' या तीन आयटम असतील तर त्या आजच एक करा.

एवढं झालं की एक रविवार ठरवा. त्या दिवशी गेट बंद. सगळं वजन करून नवा आरंभीचा साठा भरा आणि सॉफ्टवेअरमधली 'उणे साठा चालेल' ही खूण काढून टाका. पुढे दर आठवड्याला सगळ्यात महागड्या 10 आयटम मोजा. मागच्या आठ महिन्यांचे फरक शोधत बसू नका. लेखापरीक्षकाला विचारून एका नोंदीत ते बंद करा.

प्रश्न: निपाणीत हार्डवेअरचं घाऊक दुकान आहे. गिऱ्हाईक निम्मं कागल-कोल्हापूर-गडहिंग्लजकडचं, निम्मं संकेश्वर-चिक्कोडीकडचं. बिलावर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा) की सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा), यात ऑपरेटर नेहमी चुकतो. सॉफ्टवेअरमध्ये यावर कायमचा उपाय आहे का?
– व्यापारी, निपाणी

उत्तर: आहे. ऑपरेटरला कर निवडायचा अधिकारच ठेवू नका. ग्राहक मास्टरमध्ये जीएसटी क्रमांक भरला की पहिले दोन अंक राज्य सांगतात: 29 कर्नाटक, 27 महाराष्ट्र, 30 गोवा. सॉफ्टवेअरने कर त्यावरून स्वतः लावावा आणि बिलावर हाताने बदलू देऊ नये. ही सोय जवळजवळ प्रत्येक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये असते, फक्त ती चालू केलेली नसते.

तरी दोन जागा उरतात जिथे माणूस अडखळतो. कोल्हापूरच्या डीलरने ऑर्डर दिली आणि माल संकेश्वरच्या साइटवर उतरवायला सांगितला, तर माल कर्नाटकातून कर्नाटकातच गेला असं वाटून सीजीएसटी लावला जातो. हे चूक. तिसऱ्याच्या सांगण्यावरून माल दिला की पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे ज्याच्या नावे बिल आहे त्याचं व्यवसायाचं ठिकाण. म्हणजे आयजीएसटीच.

दुसरी जागा नोंदणी नसलेलं गिऱ्हाईक. 1 ऑक्टोबर 2023 पासून नियम असा आहे की बिलावर त्याचा पत्ता लिहिला असेल तर तो पत्ता हेच पुरवठ्याचं ठिकाण, आणि नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ता मानला जातो. काहीच लिहिलं नाही तर तुमचं दुकान. म्हणजे कागलच्या गवंड्याच्या बिलावर 'महाराष्ट्र' लिहिलं तर आयजीएसटी. रोख बिलाच्या साच्यात राज्याचा रकाना आपोआप 'कर्नाटक' भरला जात असेल, तर तो रिकामा ठेवून ऑपरेटरला विचारायला लावा. सीमेवरच्या दुकानाला हा एक रकाना फार महागात पडतो.

चूक झालीच तर: उलाढाल 5 कोटींच्या वर असल्याने तुम्हाला ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) लागू असेल, तर ते पोर्टलवर 24 तासांतच रद्द करता येतं. त्यानंतर क्रेडिट नोट, म्हणजे दिलेलं बिल उलटवणारा कागद. रिटर्न भरून गेल्यावर कळलं तर बरोबर कर भरायचा आणि चुकीच्या खात्यात गेलेल्याचा परतावा मागायचा. त्यावर व्याज लागत नाही आणि परताव्याला बरोबर कर भरल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

ई-वे बिलाचंही (मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचंही) ध्यानात ठेवा. ट्रान्स्पोर्टरच्या गोदामापर्यंत 50 किलोमीटरच्या आत गाडी नंबर न भरण्याची सवलत राज्याच्या आतच आहे. कागल कितीही जवळ असो, 50,000 रुपयांवरचा माल हद्द ओलांडणार असेल तर गाडी नंबरासकट पूर्ण ई-वे बिल हवं. ते 200 किलोमीटरपर्यंत एक दिवस चालतं.

प्रश्न: आमची पतसंस्था खानापूर तालुक्यात आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदांची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. संचालक मंडळ कोल्हापूर भागातल्या एका कंपनीचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणतं. आधी काय पाहावं?
– सचिव, खानापूर तालुका

उत्तर: पहिली गोष्ट कायद्याची. महाराष्ट्रातल्या पतसंस्थांसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे अहवाल देतात. तुम्ही कर्नाटकच्या 1959 च्या कायद्याखाली आहात की 1997 च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली, त्याप्रमाणे लेखापरीक्षणाचे तक्ते वेगळे असतात. मागच्या वर्षीच्या लेखापरीक्षण अहवालातला प्रत्येक तक्ता कंपनीसमोर ठेवा आणि तो त्यांच्या सॉफ्टवेअरमधून काढून दाखवायला सांगा. 'नंतर करून देऊ' हे उत्तर स्वीकारू नका. लेखापरीक्षक बसलेला असताना त्या 'नंतर'ची किंमत कळते.

मग नावं. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराच्या तुकड्यांचे क्रमांक साठवतो. फॉन्ट काढला की नावाच्या जागी चिन्हांचा ढीग दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण ते ठरावीक जागी चुकतात: पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार सरकतो, 'गोऱ्हे'मधला 'ऱ्ह' मोडतो, 'श्री' आणि 'क्ष' फुटतात. रूपांतर झाल्यावर फक्त वेलांटी, रफार आणि जोडाक्षर असलेली नावं गाळून काढा आणि दोन माणसांनी ती सभासद रजिस्टरवरून वाचून ताडावी. सगळी नावं वाचायला बसलात तर दुसऱ्या दिवशी डोळे मिटतील आणि चुका तशाच सुटतील.

आपल्याकडे एकाच सभासदाचं नाव तीन लिपींत असतं: संस्थेच्या पुस्तकात मराठी, सातबाऱ्याच्या जागी चालणाऱ्या आरटीसीवर कन्नड, आधार-पॅनवर इंग्रजी. तिन्हींसाठी वेगळे रकाने हवेत. इंग्रजी पॅनवर आहे तसंच, एक अक्षर न बदलता. एका लिपीतून दुसरी आपोआप बनवू नका, कारण कांबळेचं इंग्रजी स्पेलिंग एका घरात एक आणि शेजारच्या घरात दुसरं असतं. आणि खाती नावावरून कधीही जुळवू नका. जोडणी सभासद क्रमांकावर. एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले दोन पाटील सापडतातच.

स्थलांतराचा दिवस व्याज जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशीचा निवडा, म्हणजे अर्धवट व्याजाचा प्रश्न येत नाही. 31 मार्चच्या गर्दीत हे काम घेऊ नका. जुळणी या क्रमाने करा: खात्यांची संख्या, मग प्रत्येक खतावणीतल्या सगळ्या खात्यांची बेरीज आणि मुख्य खतावणीतला आकडा, मग तेरीज (ट्रायल बॅलन्स), मग ठेवींच्या मुदती, शेवटी थकबाकीचे दिवस. शेवटचं मुद्दाम सांगतो, कारण शिल्लक बरोबर येऊनही थकीत झाल्याची तारीख हरवली तर सगळी कर्जं नव्या सॉफ्टवेअरमध्ये नियमित दिसतात आणि बुडीत कर्जांसाठीची तरतूद चुकते.

त्यानंतर दोन महिने दोन्ही सॉफ्टवेअर समांतर चालवा. कर्मचाऱ्यांवर दुप्पट काम पडतं, त्याचा मोबदला ठरावात धरा. व्याजात पैशांचा फरक आला तर तो दिवस मोजण्याच्या पद्धतीत किंवा पूर्णांक करण्यात असतो. कुठला पोटनियमाप्रमाणे बरोबर हे ठरवूनच पुढे जा. आणि करारात एक कलम हवंच: डाटा संस्थेचा, आणि मागितल्यापासून ठरलेल्या दिवसांत तो सीएसव्हीसारख्या साध्या रूपात, रकान्यांच्या खुलाशासह द्यायचा. जुन्या कंपनीकडून तो मिळवताना जे हाल होतील, ते पुढच्या सचिवाचे होऊ नयेत.

प्रश्न: जांबोटी भागात काजू प्रक्रिया करतो. पावसाळ्यात नेट आणि वीज दोन्ही जातात. क्लाउडवरचं बिलिंग घ्यावं का?

उत्तर: नेट नसताना बिल करून नंतर पाठवता येत असेल तरच. फायबरबरोबर सिमचा राउटर ठेवा, एक गेलं की दुसरं आपोआप लागेल असा. राउटरला स्वतःचा 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. संगणकाच्या 600 व्हीएच्या यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटंच मिळतात, ती बिल पूर्ण करून मशीन नीट बंद करायला आहेत. गोदाम आणि ऑफिसमध्ये तांब्याची लॅन केबल ओढली असेल तर ती काढून फायबर टाका. वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून दोन्हीकडचे पोर्ट जळतात.

प्रश्न: शहापुरात साड्यांची पेढी आहे. संगणक बघणारा मुलगा पुढच्या महिन्यात सोडून जाणार आहे. सगळे पासवर्ड त्याच्याकडे आहेत. त्याच्याशी काही वाद नाही. काय काय ताब्यात घ्यावं?

उत्तर: वाद नाही तोवरच घ्या, आणि तो शेजारी बसलेला असताना. जीएसटी पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल कोणाचा नोंदला आहे ते आधी बघा. बऱ्याचदा तो त्याचा किंवा कर सल्लागाराचा असतो, आणि ओटीपी तिकडे जातो. तो मालकाचा करा. मग ई-वे आणि ई-इन्व्हॉइसचे लॉगिन, बँकेचा वापरकर्ता, यूपीआयच्या क्यूआरमागचं खातं, वेबसाइटचं नाव कोणाच्या नावे घेतलं आहे ते. अकाउंटिंगमध्ये त्याचं खातं पुसू नका, बंद करा, म्हणजे जुन्या नोंदी कोणी केल्या ते दिसत राहील.

विंडोज 10 अजून चालू असेल तर त्याचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं ते आधी बदला.

आणि तो जायच्या आत बॅकअपची परीक्षा घ्या. तीन प्रती हव्यात: एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुकानाबाहेर. डिस्क कॉपी झाल्यावर काढून ठेवा, कारण खंडणीचा व्हायरस जोडलेली डिस्कही बंद करतो. मग ती डिस्क पेढीबाहेरच्या दुसऱ्या संगणकाला लावून कालपर्यंतची कीर्द उघडायला त्याला सांगा, आणि तो उघडत असताना प्रत्येक पायरी तुम्ही स्वतः वहीत लिहून घ्या.