चिकाटी चित्रात कशी दिसावी

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

भंगारातून पवनचक्की बांधून घरी वीज आणणाऱ्या, आफ्रिकेतील मलावीच्या विल्यम कामक्वाम्बावरील तुझ्या चित्रपुस्तकाची डमी (कच्ची प्रत) मी सावकाश वाचली. विषय उत्तम आहे. मधली पाने मात्र मला पटली नाहीत, कारण तेथे मुलगा घाम पुसतो, लोक त्याला वेडा म्हणतात, तो पुन्हा उभा राहतो, पण त्याचे हात नेमके काय करतात हे कोठेच दिसत नाही.

2001-02 च्या दुष्काळात फी भरता न आल्याने त्याची शाळा सुटली, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. गावातील प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात त्याला पवनचक्क्यांचे चित्र असलेले इंग्रजी पुस्तक सापडले आणि इंग्रजी जेमतेम असल्यामुळे त्याने आकृत्यांच्या आधारेच ते समजून घेतले. तुझा पाच वर्षांचा वाचकही नेमका असाच, अक्षरांच्या आधी चित्र वाचणारा असेल, हे तू विसरला आहेस. म्हणून सायकलच्या डायनॅमोला (फिरवल्यावर वीज देणाऱ्या यंत्राला) चाक कसे फिरवते, ते बोट ठेवून सांगता येईल इतके स्पष्ट काढ.

आता त्याच्या अडचणी पाहा. ड्रिल नव्हते, म्हणून त्याने तापवलेल्या खिळ्याने भोके पाडली. वॉशर नव्हते, म्हणून बाटल्यांची झाकणे वापरली. पात्यांसाठी प्लॅस्टिकची नळी विस्तवावर तापवून सपाट केली. डाव्या पानावर काय नाही ते दाखव आणि पान उलटल्यावरच त्याने काढलेला मार्ग दिसू दे, म्हणजे मूल मध्ये थांबून स्वतःच अंदाज बांधेल. थट्टेला एक पान पुरे. घरात दिवसातून एकदाच जेवण होत असे, हे मात्र लपवू नकोस. मुलांना भूक समजते (प्रकाशकांनाच ती चित्रात नको असते).

बत्तीस पानांपैकी सहा पाने तू 2007 मधील टांझानियातल्या अरुशा येथील TED परिषदेच्या, जेथे तो बोलला त्या, व्यासपीठाला आणि टाळ्यांना दिली आहेस. ती काढून टाक; हवे तर शेवटच्या टिपणात दोन ओळी लिही. त्याच्यावर इंग्रजीत 2012 पासून एक चित्रपुस्तक आहेच; तुझे रेखाटन पूर्ण होईपर्यंत ते उघडू नकोस. तो हयात असल्यामुळे छपाईपूर्वी परवानगीचा विचारही करावा लागेल.

पुढच्या वेळी संपूर्ण डमी नको. खिळा तापवण्याचे जोडपान तेवढे पेन्सिलीने काढून, रंग न भरता पाठव.